झूराकानने न घेतलेली नावं

झूराकान आमच्या जिल्ह्याच्या वीज कचेरीत मीटर वाचायचं काम करते. एकोणीस वर्षं झाली. नारीन नदीच्या वरच्या अंगाला जी चार गावं आहेत, त्यांतल्या तीनशे बारा घरांचे मीटर तिच्याकडे. पारा शून्याखाली तीसवर गेला तरी ती लोकरीचे जाड बूट घालून दारोदार हिंडते. कुत्री तिच्यावर भुंकत नाहीत. माणसंही जरा जपूनच असतात, कारण ज्याने मीटरमध्ये तार खुपसली आहे त्याला ती अंगणात उभी राहून, दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "काय रे, तुझा मीटर मागे मागे चाललाय. तुझं वयही कमी होत चाललंय का?" मी तिच्याबद्दल लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की तिच्याबद्दल एका डॉक्टरने आधीच लिहिलं होतं, ते छापूनही आलं होतं, आणि ते साफ चूक होतं.

मी दारिका. मनोरुग्णालयात सव्वीस वर्षं नर्स आहे, त्यातली अकरा वर्षं विजेच्या उपचारांच्या खोलीत. लोक तिला शॉकची खोली म्हणतात आणि तिच्यासमोरून जाताना आवाज खाली करतात. ज्यांनी ते फक्त सिनेमात पाहिलं आहे ते मला येऊन अक्कल शिकवतात. आता भूल देतात. माणूस झोपतो, अर्धा-पाऊण मिनिट पायाची बोटं थरथरतात, संपलं. मी शेकडो वेळा त्या उशाशी उभी राहिले आहे, त्यामुळे मला कुणी काही सांगू नये.

चार वर्षांपूर्वी झूराकानला तिच्या नवऱ्याने, एर्निसने, गाडीतून दोन हातांवर उचलून आत आणलं. वजन एक्केचाळीस किलो. सासूने आधी एका मंत्र घालणाऱ्या बाईकडे नेलं होतं. तिने डोक्यावर परात धरून पाण्यात वितळलेलं शिसं ओतून पाहिलं. काही झालं नाही. झूराकान बोलत नव्हती, खात नव्हती. शेवटचं बोलली होती ते एवढंच, "माझ्या पोटात आतडीच उरली नाहीत, अन्न जाईल कुठे?" असं नैराश्य मी पाहिलं आहे. त्यात माणूस शांतपणे, कुणाशीही न भांडता मरतो. गोळ्या घशाखाली उतरत नव्हत्या, म्हणून विजेचे उपचार सुरू झाले. पाचव्या खेपेनंतर तिने दूध-मीठ घातलेला चहा मागितला. आठव्या खेपेनंतर, थोरल्या बहिणीला घालतात तशी हाक घालून ती मला म्हणाली, "एजे, तुमच्या व्हरांड्यातला मीटर जोरात पळतोय, कुणीतरी तुम्हाला फसवतंय." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आम्हा नर्सना असं रडू येतं, फक्त सांगत नाही कुणी.

तेव्हापासून महिन्यातून एकदा, मंगळवारी सकाळी, उपाशीपोटी ती येते, एक खेप घेते, दुपारी सासूने बांधून दिलेले तळलेले पावाचे तुकडे खाते आणि घरी जाते. मध्ये एकदा मशीन बिघडलं आणि दोन महिने खंड पडला. दुसऱ्या महिन्यात ती एका घराच्या फाटकाला टेकून दीड तास नुसती उभी होती. घरच्यांना वाटलं मीटर वाचतेय. त्या दीड तासाचं नाव काढलं तरी अजून तिचा चेहरा उतरतो.

आता डॉक्टरबद्दल. इल्गिझ साकेनोविच राजधानीतला, बिश्केकचा, परदेशात शिकलेला, तेहतीस वर्षांचा. माणूस चांगला, हे मला आधीच सांगून टाकू दे. नवं मशीन त्याने आणलं, भूल देणारा डॉक्टर त्याने भांडून मिळवला. मनाचे चढउतार आणि विजेचे उपचार हाच त्याचा अभ्यास. आमच्या एकतीस रुग्णांवर त्याने तीन वर्षं संशोधन केलं: उपचारांनी आजार किती हटतो आणि स्मरणशक्ती किती जाते. स्मरणाची परीक्षा तो दार लावून स्वतः घ्यायचा. आम्हा नर्सना आत येऊ द्यायचा नाही, म्हणजे कुणी खाणाखुणा करायला नको.

लेख छापून आला तेव्हा आम्ही स्टाफरूममध्ये चहा केला, केक कापला. लेखात टक्केवारी होती, आलेख होते. आजार हटतो, झकास हटतो, असं लिहिलं होतं. पण शेवटी लिहिलं होतं, की खेड्यातल्या लग्न झालेल्या बायकांना जवळच्या नातलगांची नावंच आठवेनाशी होतात, पुरुषांना आणि अविवाहित मुलींना मात्र तसं होत नाही; म्हणून या बायकांना महिन्यामागून महिने उपचार देत राहणं थांबवावं. केक खाताना त्याचा चेहरा पडलेला होता. "दारिका एजे," तो मला म्हणाला, "आपण त्यांना जगवतोय आणि त्यांच्या डोक्यातून त्यांचं घर पुसून टाकतोय." तो मनापासून बोलत होता. मला वाईट वाटलं, आणि मी मान हलवली. माझ्या त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

आमचे प्रमुख मुराताली असानोविच निवृत्तीला दोन वर्षं उरलेले गृहस्थ. छापलेल्या कागदाला ते फार घाबरतात. एक तारखेपासून त्यांनी हुकूम काढला: लग्न झालेल्या चौदाजणींचे महिन्याचे उपचार बंद, फक्त गोळ्या. पहिल्या आठवड्यात आसिलकान आली. नव्वद किलोमीटर लांबच्या गावची, बुजरी, हळू आवाजाची. मी तिला हुकूम सांगितला. ती "बरं" म्हणाली, गोळ्यांची पिशवी घेतली आणि गेली. मी तिला चहासुद्धा विचारला नाही.

तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी झूराकान आली.

"उपचार बंद झालेत," मी म्हटलं.

"कुणाचे?"

"तुझे. तुम्हा सगळ्याजणींचे."

"मशीन मेलं का?"

"मशीन ठणठणीत आहे. लेख आलाय." आणि मी सांगितलं काय ते. तुमची स्मरणशक्ती जाते म्हणून.

तिने हातमोजे काढले, बाकावर ठेवले. "एजे, वरच्या गावातलं नदीकाठचं शेवटचं घर. गेल्या महिन्याचा आकडा चार हजार दोनशे सोळा. त्याआधीचा चार हजार चौऱ्याण्णव. शेजारच्याचा सांगू? कोण म्हणतं माझी स्मरणशक्ती गेली?"

"मीटर नाही ग बाई. नातलगांची नावं."

"कुणाचं नाव मी विसरले?"

मला माहीत नव्हतं. मग मी ते केलं जे करायला बंदी आहे. कपाट उघडलं, तिची फाइल काढली, आणि परीक्षेचा कागद पहिल्यांदाच पाहिला. चौथा प्रश्न: सासऱ्यांचं नाव. पाचवा: सासूचं. सहावा, सातवा: मोठ्या दिरांची. डाव्या बाजूला बरोबर उत्तरं होती, कारण उपचारांआधी ती बोलतच नव्हती, म्हणून ती एर्निसकडून भरून घेतली होती. उजव्या बाजूला, उपचारांनंतरचे तिचे शब्द. "आमचे मोठे." "घरातल्या आई." "टेकडीकडचे." "घोडेवाले." समोर डॉक्टरच्या नीटस अक्षरात: नाव आठवत नाही, वर्णन करते. खाली चित्रं ओळखायची होती. कुऱ्हाडीच्या चित्रासमोर तिने म्हटलं होतं, "ते, लाकूड फोडायचं." शून्य गुण. तिच्या थोरल्या दिराचं नाव बाल्ताबाय आहे, आणि कुऱ्हाडीला आम्ही बाल्ता म्हणतो. ती कशी म्हणेल?

मी कपाळावर हात मारला. तीस वर्षं झाली माझ्या लग्नाला, मी माझ्या सासऱ्यांचं नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही. आमच्याकडे सून सासरच्या मोठ्यांची नावं काढतच नाही, त्या नावासारखा शब्दसुद्धा नाही. पाच हजारांच्या या गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

झूराकान तो कागद वाचत होती. तिचा चेहरा लाल होत गेला. "हा मूर्ख आहे का?" ती म्हणाली आणि सरळ डॉक्टरच्या खोलीत शिरली. मी मागोमाग.

इल्गिझ साकेनोविच उभा राहिला. मी घाईघाईने समजावलं. तो बिश्केकमध्ये, इमारतीच्या चौथ्या मजल्यावर वाढलेला, घरात रशियन बोललेला. त्याने दोनदा विचारलं, "म्हणजे हे अजून चालतं? मला वाटलं, हे पुस्तकातलं."

"मग पुस्तकं बंद करून जरा गावात ये," झूराकान म्हणाली. रागात ती त्याला अरेतुरे करत होती आणि त्याला ते कळतही नव्हतं.

तो बसला. डोळे चोळले. मग त्याचा चेहरा उजळला. "सोपं आहे हो! तुम्ही आता सांगा ना. चार नावं. मी परीक्षा पुन्हा घेतली असं लिहितो, सही करतो, उद्याच उपचार."

"नाही सांगणार."

"इथे कुणी नाही. दार लावतो."

"दार लावून तरी ते तोंड माझंच ना?"

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचाच राग आला. सांगून टाक ना बाई, मरशील! मी तिच्या दंडाला धरलं. तिने झटकलं.

"ऐक, डॉक्टर. मी पडून होते तेव्हा माझं काय काय गेलं माहीत आहे? भूक गेली. झोप गेली. माझी पोरगी माझ्या उशाशी रडत होती आणि मला काही वाटत नव्हतं, काहीच नाही, समजतंय का तुला? आई म्हणून जे असतं तेसुद्धा गेलं. पण त्या दिवसांतही मी त्यांचं नाव घेतलं नाही. तापात नाही, बरळताना नाही. त्या आजाराला माझ्याकडून एवढं एक नेता आलं नाही. आणि तू त्याला विसरणं म्हणतोस? ते मी टिकवलं! आता बरी झाले म्हणून तुझ्या कागदासाठी सोडू? कागद बदल तू."

त्याने तिच्या हातातला कागद घेऊन पुन्हा वाचला. मग म्हणाला, "प्रत्येक रुग्ण मला सांगतो की त्याला सगळं आठवतं. नुसत्या शब्दावर मी छापलेला निष्कर्ष मागे कसा घेऊ? पुरावा लागतो, एजे." पहिल्यांदाच तो तिला एजे म्हणाला. गुरुवारी डॉक्टरांची बैठक होती. त्याने तिला तिथे यायला सांगितलं.

गुरुवारी दहा वाजता झूराकान सासूला घेऊन आली. सादत अपा बहात्तर वर्षांच्या, पांढरा रुमाल बांधलेल्या, हातात काठी. मुराताली असानोविच मधल्या खुर्चीत, दोन डॉक्टर बाजूला, इल्गिझ खिडकीपाशी कागद घेऊन. मी दाराशी.

झूराकानने बसायला नकार दिला. सासऱ्यांबद्दल विचारलं तर ती अर्धा तास सांगत राहिली: त्यांच्या कुठल्या घोडीला कुठल्या वर्षी शिंगरू झालं, डाव्या हाताचं कुठलं बोट बर्फाने गेलं, लग्नानंतर पहिल्या सकाळी तिने चहात मीठ जास्त घातलं तेव्हा ते काय म्हणाले आणि सगळा कप कसा प्यायले. ऐकता ऐकता सादत अपांनी रुमालाच्या टोकाने डोळे पुसले.

"सगळं मान्य," मुराताली असानोविच म्हणाले. "पण बाई, कागदावर नाव मागितलंय. नाव सांगा, आम्ही सुटलो, तुम्ही सुटलात."

"सांगून टाक ग," सादत अपा म्हणाल्या. खोलीत सगळे वळले. "मी सांगते तुला, सांगून टाक. ते गेलेत, त्यांना राग यायचा नाही. मी तुला भिंतीकडे तोंड करून पडलेली बघितलंय. तुझ्या तोंडात मी चमच्याने पाणी सोडलंय. परत नाही बघायचं मला ते. रीतीभातीचं मी बघून घेईन."

झूराकान सासूकडे वळली. आवाज एकदम खाली आला. "एने, मग तुम्हीच सांगा. तुमची तर मोकळीक आहे."

"मी सांगते की! त्यात काय!" अपांनी काठी जमिनीवर आपटली, मान वर केली, तोंड उघडलं. आणि तसंच राहिलं. ओठ हलले. "ते... आमचे..." एकोणपन्नास वर्षं न घेतलेलं नाव. "पोरांचे वडील," त्या शेवटी म्हणाल्या आणि पोरीसारख्या लाजून रुमालात तोंड लपवलं.

"लिही, डॉक्टर!" झूराकान कडाडली. "लिही, ह्यांनाही आठवत नाही! शून्य गुण! आणि ह्यांना कधी कुणी करंट दिला होता ते विचार!"

मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी पुढे गेले. "माझंही लिहा. मी तेवीस वर्षं सासऱ्यांचं जेवण वाढलं. नाव आठवत नाही." मग मी व्हरांड्यात जाऊन हाक मारली. स्वयंपाकीण आली, हात पिठाने भरलेले. धोबीण आली, औषधखोलीतली आली, दोन नर्स आल्या, टाइप करणारी तरुण पोरगी आली जिचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. इल्गिझने तोच कागद घेऊन एकेकीला तेच प्रश्न विचारले. "आमचे मोठे." "दाढीवाले." "घरातल्या आई." टाइप करणारी म्हणाली, "ते टीव्हीसमोर बसतात ते," आणि सगळ्या फिदीफिदी हसायला लागल्या. इल्गिझ लिहीत गेला. सात बायका, विजेचा एकही उपचार नाही, आणि गुण आमच्या रुग्णांपेक्षाही खाली. धोबिणीने तर लाकूड फोडायचं ते चित्रही ओळखलं नाही. तिचाही कुणीतरी तसाच दीर होता.

मुराताली असानोविच एवढंच म्हणाले, "माझ्या घरी जाऊन विचारू नका."

इल्गिझ खोलीबाहेर गेला. व्हरांड्याच्या टोकाला उभा राहून त्याने फोन लावला. मी मुद्दाम जवळ जाऊन ऐकलं, त्याबद्दल मला काही वाटत नाही. "मामा," तो रशियन पद्धतीने आईला म्हणाला, "तुझ्या सासऱ्यांचं नाव सांग बरं. नाही, कागदपत्रासाठी नाही. सांग ना. बाबांना विचारू? का? तू सांग." तो ऐकत राहिला. चाळीस वर्षं बिश्केकमध्ये राहिलेली, शाळेत गणित शिकवलेली त्याची आई. मग तो एकदाच, छोटंसं हसला, आणि लगेच त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आत येऊन तो उभ्यानेच म्हणाला, "मुराताली असानोविच, माझा लेख चुकला आहे. मी दुरुस्ती छापायला पाठवतो. हुकूम आज मागे घ्या."

"नाव जाईल तुझं," मुराताली असानोविच म्हणाले.

"जाऊ दे." मी त्याला त्या दिवशी माफ केलं. माझ्या माफीची त्याला गरज होती असं नाही.

शुक्रवारी सकाळी आठला झूराकान उपाशीपोटी आली, गाऊन घातला, पलंगावर बसली. मी शीर शोधायला तिचा हात धरला. तिने हात मागे घेतला.

"बाकीच्या तेराजणींना फोन केला?"

"आज दुपारी करतील. झोप तू."

"आधी फोन. मग सुई."

"झूराकान, भूलवाला डॉक्टर थांबलाय."

"थांबू दे. गेले तीन दिवस मी थांबले होते."

इल्गिझने यादी आणली आणि तिच्या शेजारी पलंगावर बसून एकेकीला फोन लावायला लागला. पाचजणी त्याच दिवशी निघतो म्हणाल्या. दोघींनी त्याला शिव्या घातल्या, त्याने ऐकून घेतल्या. आसिलकानच्या घरी नवऱ्याने उचलला. ती उठत नाही, तो म्हणाला. आता कुठे नेणार, ती नको म्हणते. डॉक्टर समजावू लागला तेवढ्यात झूराकानने फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

"ती नको म्हणते ते ती म्हणत नाहीये, भाऊ, तिचा आजार म्हणतोय. मला विचारा, मी म्हटलेलं आहे. घोंगडीत गुंडाळा, उचला आणि आणा. रस्त्यात थांबू नका. मी इथे बसलेय."

आणि ती बसून राहिली. दहा वाजले, अकरा वाजले. मी म्हटलं, तुझं तरी उरकून घेऊ. ती नाही म्हणाली. स्वयंपाकीण चहा घेऊन आली, तो झूराकानने मला प्यायला लावला. भूलवाला डॉक्टर दोनदा घड्याळ दाखवून गेला, तिसऱ्यांदा त्याने खुर्ची आणली आणि तोही बसला. मी दोन आठवड्यांपूर्वी "बरं" म्हणणाऱ्या त्या बाईला काय सांगू याचा विचार करत होते.

एक वाजता गाडी आली. नवऱ्याने आणि दिराने आसिलकानला घोंगडीसकट आत आणलं. तिचे डोळे उघडे होते, पण कुणाकडे बघत नव्हते. भूल देण्याआधी जे विचारावंच लागतं ते मी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंय का?"

"आज पाचवा दिवस," तिचा नवरा म्हणाला. "पाण्यावर आहे. तेही काल संध्याकाळपासून नाही."

झूराकान पलंगावरून उतरली, चादर हाताने सारखी केली आणि बाजूला झाली. "हिला आधी घ्या," ती म्हणाली.